प्रश्न तुमचे: इमॅजिकाला गाडीने निघताय?

सुट्ट्या जवळ आल्या की दरवर्षी प्रवासाचे प्रश्न येतातच, पण यावेळी निम्मी पत्रं एकाच ठिकाणाबद्दलची आहेत. खोपोलीजवळचं इमॅजिका, राइड आणि वॉटर पार्क असलेलं मोठं मनोरंजन पार्क. मुंबई-पुण्याच्या लोकांना ते दोन तासांवर, सकाळी निघून रात्री घरी. पण पत्रं आलीत इचलकरंजी, जालना, चिपळूण अशा लांबच्या गावांहून, म्हणून हा अंक त्यांच्यासाठी.

प्रश्न: ताई नमस्कार, मुलांना इमॅजिकाला न्यायचं ठरलंय, मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी सहाची, आणि सासूबाई अडुसष्ट, त्यांचे गुडघे दुखतात पण नातवंडांबरोबर यायची फार हौस आहे. आमच्या ह्यांचं म्हणणं रात्री दोनला निघू, सकाळी पोचू, पार्क बंद झालं की लगेच गाडीत बसू आणि पहाटे घरी, हॉटेलवर पैसे कशाला घालवायचे. गाडी हे एकटेच चालवतात, मला येत नाही. मला भीती वाटते पण बोललं की निघायच्या आधीच अपशकुन नको म्हणतात. काय करू? आणि सासूबाईंना न्यावं का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: तुम्हाला वाटते ती भीती अगदी बरोबर आहे, आणि हे उत्तर दादांना आवर्जून वाचायला द्या, कारण मी त्यांच्याशीच जास्त बोलणार आहे.

दादा, इचलकरंजीहून एका बाजूचं अंतर तीनशे-सव्वातीनशे किलोमीटर आहे. म्हणजे जाऊन-येऊन सहाशेच्या वर, मधे पूर्ण दिवस उन्हात उभं राहणं, रांगा, पाणी, आरडाओरडा, आणि दोन रात्री झोप नाही. जाताना तुम्ही उत्साहात असता, ते निभतं एकवेळ. पण परतीच्या रात्री गाडीतले सगळे झोपलेले असतात, बोलायला कोणी नाही, एसी चालू, आणि पहाटे दोन ते पाचच्या मधे शरीर स्वतःच झोप मागतं, कितीही चहा प्या. डोळा लागला हे माणसाला कळत नाही हीच त्यातली भयंकर गोष्ट आहे. ताशी ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, चार सेकंद डुलकी लागली की जवळजवळ ९० मीटर गाडी कोणीच चालवत नसतं. आणि मागच्या सीटवर तुमची आई आणि दोन लेकरं आहेत.

म्हणून माझं स्पष्ट मत, एक मुक्काम कराच, आणि परवडत असेल तर दोन. पैसे वाचवायचेच असतील तर जातानाचा मुक्काम पुण्यात नातेवाईकांकडे करा (इचलकरंजीच्या माणसाचं पुण्यात कोणी नाही असं सहसा होत नाही), पण पार्क झाल्यावरची रात्र खोपोली किंवा लोणावळ्यातच काढा. पार्कला लागूनच असलेलं मोठं हॉटेल महाग आहे, पण खोपोली गावात साधे लॉज मिळतात, तिथे झोपा. राइडवरचे पैसे कमी करा, जेवणावरचे करा, या रात्रीचे करू नका.

आता रस्ता. हातकणंगले, वडगाव करत वाठारला हायवेला लागायचं हे तुम्हाला माहीतच आहे. कागल ते सातारा सहापदरीकरणामुळे गेली काही वर्षं जागोजागी डायव्हर्जन झालीत, रात्री ती वेळेवर दिसत नाहीत, त्यामुळे दोनला निघण्यापेक्षा उजाडता निघा. पुण्यात शिरताना कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत सलग उतार लागतो, तिथे मोठे अपघात झालेत, कारण काही ट्रकवाले डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात आणि मग ब्रेक तापून लागत नाहीत. त्या पट्ट्यात ट्रकच्या पुढे राहू नका, मधेच लेन बदलू नका, गाडी गिअरमध्येच ठेवा. हेच पुढे एक्स्प्रेसवेवर खंडाळ्याचा घाट उतरताना. खालच्या गिअरमध्ये उतरा म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेकवर पाय ठेवून अख्खा घाट उतरायचा नाही. वेगाचे बोर्ड पाळा, तिथे कॅमेरे बसलेत, घरी गेल्यावर मोबाईलवर चलान येतं. आणि खोपोलीच्या एक्झिटचा बोर्ड आधीपासून बघायला लागा, चुकली तर चुकली, पुढच्या एक्झिटने वळा, एक्स्प्रेसवेवर रिव्हर्स घेणारी माणसं मी पाहिलीत आणि अंगावर काटा येतो.

एक गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. शनिवारी सकाळी मुंबईकडून लोणावळ्याला चढणाऱ्या गाड्यांनी घाट तुंबतो, तुम्ही तेव्हा उलट दिशेने उतरत असता. रविवारी संध्याकाळी मुंबईकडे उतरणारी गर्दी असते, तुम्ही चढत असता. पण जमलं तर मधल्या वारी जाच, आत रांगा कमी लागतात, आणि मग रांग चुकवायच्या महागड्या तिकिटाची गरज पडत नाही.

सासूबाईंना न्या. अडुसष्टीला नातवंडांबरोबर प्रवास करावासा वाटणं ही किती छान गोष्ट आहे, त्यांना घरी ठेवून जाऊ नका. फक्त त्यांचा दिवस वेगळा आखा. आधी फोन करून व्हीलचेअर मिळते का विचारा, चालता येत असलं तरी घ्या, कारण पार्क पसरलेलं आहे आणि गुडघे दुपारपर्यंतच साथ देतात. बसून बघायचे शो, संध्याकाळी परेड असेल तर ती, एसीतल्या जागा, हे त्यांचं. ‘आय फॉर इंडिया’ म्हणून एक आहे, त्यात मोठ्या पडद्यासमोर बसून आकाशातून भारत दिसतो, पण सीट हलते, म्हणून बसण्याआधी तिथल्या माणसाला गुडघ्याचं आणि बीपी असेल तर बीपीचं सांगा. हार्ट, पाठ, मान, गरोदरपण यातलं काहीही असेल तर मोठ्या राइड नाहीतच, त्यात भिडस्तपणा नको. गोळ्या पर्समध्ये, डिकीतल्या बॅगेत नाही. गाडीत दर दोन तासांनी उतरून त्यांना पाच मिनिटं चालवा, एका जागी पाय लोंबकळून सुजतात.

आणि मुलांची उंची घरीच भिंतीला उभं करून मोजा! हे कोणी करत नाही. नायट्रो नावाच्या मोठ्या रोलर कोस्टरला साधारण १४० सेंटिमीटर उंची लागते, अकरा वर्षांची बरीच मुलं त्याच्या आत-बाहेर असतात. तुमचा मुलगा बसत नसेल तर ते त्याला इचलकरंजीत कळू द्या. तासभर रांगेत उभं राहून गेटवरच्या पट्टीने नाही म्हटलं की मुलं फार हिरमुसतात, मग उरलेला दिवस तेच घेऊन बसतात. सहा वर्षांच्या मुलीसाठी लहान मुलांच्या राइड वेगळ्या आहेत, त्या आधी करा, ती दुपारी दमणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाई न करता महडच्या वरदविनायकाचं दर्शन घेऊन निघा, सासूबाईंसाठी ट्रिप तिथेच सार्थकी लागेल. तिथला नंदादीप १८९२ पासून तेवतोय असं सांगतात. मॅपवर टाकताना मात्र नीट बघा, खोपोलीजवळचं ते महड, आणि चवदार तळ्याचं महाड मुंबई-गोवा हायवेवर खूप लांब आहे, लोक भलतीकडे पोचतात. एक दिवस जास्त असेल तर पालीचा बल्लाळेश्वर त्याच खोपोली-पाली रस्त्याने पुढे आहे, तिथे आधी धुंडीविनायकाचं दर्शन घेतात आणि मग बल्लाळेश्वराचं.

प्रश्न: आम्ही जालन्याहून समृद्धीने जाणार. मी फास्टॅगचा वार्षिक पास काढलाय, म्हणजे आता टोल फुकट ना? मुलं डिकीत गादी टाकून झोपली तर चालेल का, सात सीटर आहे पण मागची सीट फोल्ड केली की मस्त जागा होते.
— जालना

उत्तर: पास फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय एक्स्प्रेसवेवरच्या टोलला चालतो. समृद्धी आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे दोन्ही राज्याचे, एमएसआरडीसीचे म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळाचे, तिथे नेहमीसारखे पैसे कापले जातात, म्हणून टॅगमध्ये वेगळा बॅलन्स ठेवा नाहीतर नाक्यावर मागे लाइन लागते आणि घरच्यांसमोर चिडचिड होते.

डिकीतल्या गादीला मात्र माझा ठाम नकार आहे. समृद्धीवर गाड्या ताशी १२० ने जातात, त्या वेगाला जोरात ब्रेक लागला तर गादीवरचं मूल समोरच्या काचेपर्यंत येतं. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे, पण दंड सोडा हो, मुलं बेल्ट लावूनही छान झोपतात, मानेला उशी द्या. पुढच्या सीटवर मांडीवरही नाही, एअरबॅग उघडली तर आधी मुलाला लागते. आणि समृद्धी सरळसोट असल्याने डोळे तारवटतात, रस्ता काँक्रीटचा, उन्हाळ्यात टायर तापतात, जुने घासलेले टायर घेऊन त्यावर चढूच नका. प्रवासाला निघायच्या आधी, टायर थंड असताना, कंपनीने दाराजवळ लिहिलेली असते तेवढीच हवा भरा.

प्रश्न: माझं नाव छापू नका, मी सहावीत आहे. नायट्रोला इंजिन असतं का? उलटं झाल्यावर माणसं पडत कशी नाहीत? बाबा म्हणतात बेल्टमुळे.
— बारामती

उत्तर: किती छान प्रश्न! गाडीला स्वतःचं इंजिन नसतं. सुरुवातीला खाली मोटरवर फिरणारी साखळी गाडीला ओढत वर नेते, नायट्रोत जवळजवळ ४० मीटर, म्हणजे बारा-तेरा मजली बिल्डिंग. तिथे साखळी सोडून देते, पुढचं सगळं पृथ्वीच्या ओढीवर. जेवढं उंच नेलं तेवढाच जोर खर्चायला मिळतो, आणि घर्षणात थोडा-थोडा जात राहतो, म्हणून पुढच्या टेकड्या पहिलीपेक्षा लहान असतात. वर चढताना काही कोस्टरमध्ये कट-कट आवाज येतो ना, ती गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेली खिट्टी दात्यांवरून सरकत असते.

उलटं झाल्यावर पडत नाही ते मुख्यतः वेगामुळे. पाण्याची बादली जोरात गोल फिरवली की डोक्यावर आली तरी पाणी सांडत नाही, तसंच, गाडी एवढ्या वेगात वळते की तुम्ही सीटमध्ये दाबले जाता. बेल्ट आणि खांद्यावरचा बार असतोच, गाडी मधेच हळू झाली तर किंवा गाडी खाली डुबकी मारते तेव्हा ढुंगण सीटवरून उचललं जातं, तेव्हा त्यांचं काम, म्हणजे बाबांचं पण चूक नाही. चाकं तीन जातीची असतात: रुळाच्या वर चालणारी, बाजूला दाबून धरणारी, आणि रुळाच्या खालून पकडणारी, त्यामुळे गाडी रूळ सोडूच शकत नाही. आणि कधी गाडी वर चढतानाच थांबली तर घाबरू नकोस, रुळाचे भाग पाडलेले असतात, एका भागात एकच गाडी, पुढचा भाग मोकळा झाल्याशिवाय मागची सोडतच नाहीत.

प्रश्न: चिपळूणहून निघणार. मुलीला वळणाच्या रस्त्यावर उलट्या होतात, एक्स्प्रेसवेने जावं का? आणि वॉटर पार्कात साडीवर चालतं का, आईंना ड्रेस घालायची सवय नाही.
— चिपळूण

उत्तर: एक्स्प्रेसवेशी तुमचा संबंधच येत नाही. मुंबई-गोवा हायवेने वाकण फाट्यापर्यंत या, तिथून पालीवरून खोपोलीच्या रस्त्याला लागा, इमॅजिका वाटेतच आहे. उलट्या होतात कारण कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण हलतोय, आणि डोळे मोबाईलवर असतील तर ते सांगतात काही हलत नाही, मेंदू गोंधळतो. म्हणून मोबाईल, पुस्तक पूर्ण बंद, मधल्या सीटवर बसवा म्हणजे समोरचा लांबचा रस्ता दिसेल, खिडकी थोडी उघडी. उपाशी नेऊ नका आणि वडापाव खाऊनही नाही, कोरडी पोळी, बिस्कीट, आल्याचा तुकडा बरा. गाडीतलं ते वासाचं जेल काढून टाका, त्यानेच निम्म्यांना मळमळतं. गोळी द्यायची तर डॉक्टरांना वजन सांगून विचारा आणि निघण्याच्या अर्धा-एक तास आधी द्या, उलटी सुरू झाल्यावर गोळीचा उपयोग नाही. पार्कातही तिला गोल गोल फिरणाऱ्या राइडवर जेवणानंतर बसवू नका.

साडी, कॉटनचे कपडे पाण्यात चालत नाहीत, धागे फिल्टरमध्ये अडकतात आणि ओला पदर पायात येऊन पडायला होतं. नायलॉन-लायक्राचे पूर्ण बाह्यांचे, गुडघ्याखालपर्यंतचे पोशाख मिळतात, चिपळुणातच घेऊन ठेवा, तिथे भाड्याचे घेण्यापेक्षा बरे. आईंना पाण्यात उतरायचंच नसेल तर साडीत काठावर सावलीला बसू देतात का ते तिकीट काढताना विचारून घ्या, कारण तिकीट मात्र बसणाऱ्याचंही लागतं.