टाकी फुल केली तरी नवी गाडी ४३० किलोमीटरचीच रेंज दाखवते. मीटर खराब आहे का?

मीटर खराब नाही. शोरूमवाले ‘सॉफ्टवेअर अपडेट करून बघू’ म्हणतायत असं तुम्ही लिहिलंय. त्यात अर्धा दिवस घालवू नका.

तुमचा हिशोब असा की टाकी ३७ लिटरची, कंपनी सांगते २२ चं ॲव्हरेज, म्हणजे ८१४ व्हायला हवेत. हा हिशोब दोन्हीकडून चुकतो. टाकीतलं सगळं पेट्रोल रेंजमध्ये धरलेलं नसतं. तळाचे तीन-चार लिटर बऱ्याच गाड्या रिझर्व्ह म्हणून बाजूला ठेवतात, म्हणजे उरले ३३. आणि २२ हा तुमच्या गाडीचा आकडाच नव्हे. पुण्यात एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या प्रयोगशाळेत गाडी रोलरवर उभी करून, एसी बंद ठेवून, ठरवून दिलेल्या वेगानं चालवतात. तो वेग ९० च्या वर जात नाही. तिथं ना चढ, ना आपल्या बेळगावातल्या गोवावेसची कोंडी. तुमच्या गाडीनं आजवर जे बघितलंय त्यावर ती १३ चं ॲव्हरेज धरून बसलीय. ३३ गुणिले १३ म्हणजे ४२९. मिळाले की नाही तुमचे ४३०?

१३ का, ते खाली सांगतो. आधी माझं ऐका, कारण तुमचा आकडा कमी दाखवतोय म्हणून तुम्ही काळजीत आहात आणि माझा जास्त दाखवत होता.

माझी गाडी नवी होती तेव्हाची गोष्ट. जूनचा शेवट, गाडी घेऊन जेमतेम दहा दिवस झालेले. नवी गाडी आधी कवळ्याच्या शांतादुर्गेला न्यायची असं आईचं म्हणणं, म्हणून आई, ताई, दाजी आणि मी गोव्याला गेलो. दर्शन झालं, ओटी झाली, दुपारचं जेवण करून परत निघालो. साखळीला आलो तेव्हा साडेपाच वाजलेले आणि पाऊस धरलेला. गोव्यात पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त, त्यामुळं बेळगावची माणसं चोर्ला घाट चढायच्या आधी तिथंच भरतात. मीही पंपावर गाडी वळवत होतो. पुढं सात-आठ गाड्यांची रांग होती.

दाजी पुढच्या सीटवर. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या जागेवर आहेत. म्हणाले, “कशाला थांबतोस? स्क्रीनवर एकशे बारा दाखवतंय, घर ऐंशीच्या आत. कॉम्प्युटर चुकत नाही, माणूस चुकतो.” मी म्हटलं, दाजी, पुढं घाट आहे. तर म्हणाले, “तो सगळं धरूनच सांगतो.” मोठे आहेत, वर ताई मागं बसलेली. मी पंपावरून गाडी बाहेर काढली.

घाट सुरू झाला आणि आकडा पडायला लागला. एक किलोमीटर जावं तर आकडा तीननं खाली. ९६, ८८, ७१. धुकं एवढं की पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत होते. गाडी दुसऱ्या गिअरवर, मधे मधे पहिल्यावर. काच धुरकटते म्हणून एसी चालू. मागं आई. तिला साखर आहे, रात्री वेळेवर इन्शुलिन घेऊन जेवायचं असतं, आणि इन्शुलिन घरी फ्रीजमध्ये. चोर्ला सोडून वर कणकुंबीला आलो तेव्हा स्क्रीनवर ३१, आणि घर अजून ४५ किलोमीटर. फोनला रेंज नाही. पुढं जांबोटीपर्यंत दोन्ही बाजूला जंगल. पावसात त्या रस्त्यावर आईला घेऊन बंद पडलो तर काय करायचं, एवढंच माझ्या डोक्यात चाललेलं.

कणकुंबीत एक किराणा दुकान उघडं होतं. विचारलं तर त्या माणसानं आतनं पेट्रोलच्या दोन बाटल्या आणल्या. म्हणाला, “घाट चढून आलेल्यांचं असंच होतंय बघा. आकडा बघून निघतात आणि इथं येऊन दार वाजवतात.” पंपापेक्षा थोडे जास्त पैसे घेतले, पण आईला आत बसवून चहा-बिस्किटं दिली, त्याचे घेतले नाहीत. आम्ही साडेआठच्या आत घरी पोचलो.

आता त्या दिवशी काय झालं ते नीट सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. रेंज ही मोजलेली गोष्ट नव्हे. टाकीत एक तरंगता फ्लोट असतो, तो पेट्रोल किती आहे ते सांगतो. कॉम्प्युटर त्याला मागच्या काही अंतराच्या ॲव्हरेजनं गुणतो. मागचं म्हणजे मागचंच. पुढं काय आहे ते त्याला ठाऊक नाही. साखळीपर्यंत आम्ही गोव्याच्या सपाट रस्त्यानं १९ च्या ॲव्हरेजनं आलो होतो. वापरायचं पेट्रोल होतं सहा लिटरच्या जरा आत. गुणाकार केला तर ११२. चार माणसांसकट साडेबाराशे किलोची गाडी साखळीपासून कणकुंबीपर्यंत उचलायची, म्हणजे मलप्रभा जिथं उगम पावते त्या साधारण ७९० मीटर उंचीवर न्यायची, तर नुसत्या उचलण्यालाच लिटर-सव्वा लिटर पेट्रोल जास्त जातं. घाटात आमचं ॲव्हरेज नऊवर आलं. त्यामुळं पेट्रोल तर संपत होतंच, शिवाय उरलेल्या पेट्रोललाही कॉम्प्युटर आता १२-१३ नंच गुणायला लागला. दोन्हीकडून कापलं जात होतं, म्हणून किलोमीटरला तीन पडत होते.

आणि उतरताना उलटं होतं. बेळगावातनं निघून जांबोटी, चोर्ला करून घाट उतरला की रेंज निघताना होती त्यापेक्षा जास्त दिसते. तेव्हा कुणी मीटर खराब म्हणत नाही.

तुमच्या १३ चं कारणही तेच. नवी गाडी यार्डात चालू-बंद होते, दाखवताना इंजिन आणि एसी चालू ठेवून उभी असते, आणि उभ्या गाडीनं पेट्रोल खाल्लं की किलोमीटर शून्य. मग घरी आल्यावर शहापूर ते गणपत गल्ली, गणपत गल्ली ते रेल्वे स्टेशन, असे दोन-दोन किलोमीटरचे फेरे, तेही इंजिन गार असताना. हे सगळं त्या ॲव्हरेजमध्ये आहे. दोन-तीन टाक्या जाऊ द्यात, मधे एकदा धारवाडला हायवेनं जाऊन या, आकडा वर येईल. ८१४ कधीच होणार नाही. ५५० च्या आसपास आला तरी गाडी चांगली समजा. आता पंपावर मिळतं ते पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं. लिटरमागं इथेनॉलची ताकद पेट्रोलच्या एक-तृतीयांशानं कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं त्यानंही उतरतं. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं इथेनॉल त्यात असतं, त्याला माझा विरोध नाही, पण हिशोबात धरावं लागतं.

दाजी आजही मानत नाहीत. दर गणपतीला विषय निघतो. त्यांचं म्हणणं, “रिझर्व्ह होताच की, पोचलो असतो. तू उगाच घाबरलास आणि गाडी पहिल्यावर ओढलीस.” मी वही ठेवलीय. साखळीच्या पंपावर ऑटो कटपर्यंत, म्हणजे पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत भरायचं आणि पिरनवाडीच्या अलीकडं परत ऑटो कटपर्यंत भरायचं, असं तीनदा केलं. चढताना ७८ किलोमीटरला दर वेळी सहा लिटरच्या आसपास लागले, उतरताना पावणेचार. तीनही वेळा पहिला गिअर फक्त वळणावर. म्हणजे त्या दिवशी वापरायचं होतं तेवढं सगळं लागलं असतं आणि शेवटचे एक-दोन किलोमीटर रिझर्व्हवर गेले असते. पोचलो असतो हे खरं. पण दाजींनी साखळीला रिझर्व्हचं नाव काढलं नव्हतं. त्यांच्या हिशोबानं एकशे बारातनं ऐंशी गेले की बत्तीस किलोमीटर शिल्लक राहणार होते. शिल्लक काहीच राहिलं नसतं. रिझर्व्हमुळं पोचणं आणि हिशोब बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आई मागं बसलेली असताना मी दुसरीवरच निघणार.

म्हणून तुम्हीही वही ठेवा. एकाच पंपावर, ऑटो कटला थांबायचं, ‘अजून थोडं घाला’ म्हणायचं नाही. ट्रिप मीटर शून्य करायचा. पुढच्या वेळी परत फुल करायचं आणि झालेल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरनं भागायचं. हे तुमचं खरं ॲव्हरेज, स्क्रीनवरचं नव्हे. घाट असेल तर रेंज निम्मीच धरा आणि खालीच भरा.

काही गोष्टी राहिल्या. फुल केल्यावर पन्नास-साठ किलोमीटर काटा हलत नाही, ते चालतं, फ्लोट वर टेकलेला असतो. दोनशे-तीनशेचं पेट्रोल घातलं तर काही गाड्या ते लगेच धरत नाहीत. शून्य किंवा रेघा दिसेपर्यंत मुद्दाम चालवून बघू नका. पेट्रोलचा पंप टाकीतच असतो, पेट्रोलनंच गार राहतो, कोरडा चालला की जातो. आणि मी वर मीटर खराब नाही म्हटलं खरं, पण सपाट रस्त्यावर रेंज नव्हे तर पेट्रोलचा काटाच अर्ध्यावरून पावावर आणि परत अर्ध्यावर उड्या मारत असेल, तर फ्लोटमध्ये दोष असू शकतो. वॉरंटी आहे तोवर दाखवा. आणि घाटात एसीनंही फरक पडतोच.

पहिल्या तीन टाक्यांचे किलोमीटर आणि लिटर लिहून इथंच टाका. माझ्या वहीतल्या पहिल्या तीन टाक्यांशी लावून सांगतो.