बटाटे वगळून अर्ध्या तासात कॉर्न्ड बीफ आणि कोबी करता येईल का?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. कॉर्न्ड बीफ, म्हणजे मिठात मुरवलेले गोमांस, आणि कोबीचे जेवण कामावरून आल्यावर अर्ध्या तासात होईल का, कर्बोदके कमी करायची असल्यामुळे बटाट्याच्या जागी काय घालावे, आणि घरातल्यांना बटाटे व ब्रेड लागतात म्हणून तुमचे ताट वेगळे करावे का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पुढे ओघात येतील. तिसऱ्याचे उत्तर आधीच देऊन टाकते: ताट वेगळे करू नका. हा तिसरा प्रश्न नसता तर मी लिहायला बसले नसते.

मी मूळची वसईची. गेली वीस वर्षे बॉस्टनच्या दक्षिणेला क्विन्सी येथे राहते आणि माझा मोठा भाऊ माझ्या घरापासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर राहतो. मिठात मुरवलेले मांस आमच्या घराला नवे नव्हते. नाताळाच्या आधी आई जनावराच्या जिभेला काट्याने टोचे मारून मीठ, लिंबाचा रस आणि चिमूटभर सोरा (पोटॅशियम नायट्रेट) चोळायची, चिनी मातीच्या बरणीत ती वजनाखाली दाबून ठेवायची आणि रोज सकाळी एकदा उलटायची. इथे ब्रिस्केट, म्हणजे जनावराच्या छातीचा भाग, खारवताना जे नायट्राइट वापरतात ते त्या सोऱ्याचेच भावंड आहे, आणि शिजल्यावरही मांस गुलाबी राहते ते त्याच्यामुळेच. नावातला कॉर्न म्हणजे मका नव्हे. तो शब्द मिठाच्या जाड खड्यांसाठी आलेला आहे. त्यामुळे कर्बोदकांचा हिशेब करताना मांसाकडे पाहू नका, ताटातल्या बाकीच्या वस्तूंकडे पाहा.

2017 साली आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. त्या वर्षी 17 मार्चला, सेंट पॅट्रिकच्या सणाला, शुक्रवार होता; अमेरिकेतले आयरिश वंशाचे लोक या सणाला कॉर्न्ड बीफ आणि कोबीचेच जेवण करतात. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य असते, परंतु बॉस्टनसह अमेरिकेतल्या अनेक धर्मप्रांतांत बिशपांनी त्या दिवसापुरती सूट दिली होती. चर्चच्या पत्रकातला तो मजकूर मी आईला वाचून दाखवला तेव्हा कुठे ती दादाकडे जेवायला यायला तयार झाली. तिला बारा वर्षांपासून मधुमेह होता आणि निघण्याआधीच्या तपासणीत तिची तीन महिन्यांची सरासरी साखर बरीच वर गेलेली आढळली होती. दादा हे सारे जाणून होता. त्याने आणि वहिनीने दिवसभर खपून स्वयंपाक केला होता: तीन तास मंद आचेवर शिजलेले ब्रिस्केट, त्याच पाण्यात उकडलेला कोबी, गाजरे, लोण्यात घोळवलेले छोटे बटाटे आणि ताजा सोडा ब्रेड. आईसाठी मात्र एक वेगळा वाडगा होता. त्यात नुसत्या पाण्यात उकडलेला कोबी आणि दोन उकडलेली अंडी होती, कारण मांस खारट आहे आणि बाकी सगळे गोड आहे, असा दादाचा हिशेब होता.

आई त्या वाडग्याकडे पाहत राहिली. पाण्यातला कोबी पांढुरका आणि गळालेला दिसत होता, वाफेला गंधकाचा वास येत होता आणि टेबलावरचे बाकी सगळे जण एकाच परातीतून वाढून घेत होते. "मला फारशी भूक नाही रे," असे म्हणून तिने एक अंडे खाल्ले आणि हात आखडता घेतला. सणासाठी म्हणून मुद्दाम काढलेली मोरपंखी साडी नेसून ती आली होती. दादाने ते वाईट हेतूने केले नव्हते, हे मला त्या क्षणीही ठाऊक होते. तरीही घरी परतताना गाडीत ती एवढेच म्हणाली, "आजारी माणसाचं पान वेगळं मांडतात, तसं मांडलं." ते वाक्य मी विसरलेले नाही.

वहिनीने उरलेल्या मांसाचा मोठा तुकडा फॉइलमध्ये गुंडाळून दिला होता. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आल्यावर आम्ही दोघींनी त्याचेच जेवण केले, आणि तुम्हाला जी पाककृती हवी आहे ती हीच आहे. फ्रीजमधले गार मांस धाग्यांना आडवे कापले. अशा मांसाचे पेराएवढ्या जाडीचे काप सुबक पडतात, गरम मांस मात्र सुरीखाली विस्कटते. बिडाच्या तव्यावर काप तीन-तीन मिनिटे दोन्ही बाजूंनी परतले, तेव्हा त्यांची चरबी सुटली आणि कडा कुरकुरीत झाल्या. काप बाजूला काढून त्याच चरबीत एका लहान कोबीच्या आठ फोडी ठेवल्या. फोडी करताना मधला दांडा कापून टाकायचा नाही, तो असला तरच पाने एकत्र राहतात. चार मिनिटे एका बाजूला अजिबात न हलवता, मग उलटून चार मिनिटे, आणि शेवटी अर्धी वाटी पाणी घालून झाकणाखाली पाच मिनिटे. आईने मध्येच तव्याच्या मोकळ्या कोपऱ्यात मोहरी तडतडवली आणि दोन हिरव्या मिरच्या चिरून टाकल्या. मी शहाजिरे घालणार होते, ते तिने घालू दिले नाही, आणि तिचे बरोबर होते. उतरवताना एक चमचा व्हिनेगर, वरून मिरपूड. मीठ कणभरही नाही. सत्तावीस मिनिटांत आम्ही टेबलाशी बसलो होतो.

त्या दिवशी माझ्या नवऱ्याने, दोन्ही मुलांनी आणि आईने अगदी तेच खाल्ले. कोबीच्या कडा तपकिरी आणि गोडसर झाल्या होत्या, आतला भाग किंचित करकरीत होता. माझा धाकटा मुलगा कोबीला हात लावत नसे, त्याने तव्याला चिकटलेली पाने खरवडून घेतली. आईने दुसऱ्यांदा वाढून घेतले. दोन तासांनी तिची साखर 146 होती. आदल्या आठवड्यात भात खाल्ल्यावर तोच आकडा 230 च्या पुढे जात होता.

आता तुमच्या अर्ध्या तासाबद्दल. पाकिटातले कच्चे कॉर्न्ड बीफ अर्ध्या तासात होत नाही, आणि कोणी तसे सांगत असेल तर त्याने ते केलेले नाही. मी एकदा मटणासारखे समजून प्रेशर कुकरमध्ये चाळीस मिनिटे शिजवले आणि ते चावता येण्यासारखे झाले नाही. आतले तापमान 63 अंश सेल्सिअस झाले की मांस खाण्यास सुरक्षित होते. मऊ मात्र ते 90 अंशांच्या पुढे बराच वेळ राहिल्यावर होते, कारण ब्रिस्केटमधले चिवट तंतू विरघळायला तेवढा अवधी लागतो. दीड किलोच्या तुकड्याला पाणी बेताचे घालून कुकरमध्ये नव्वद मिनिटे द्या आणि वाफ आपोआप जिरू द्या. हे काम रविवारी करून ठेवा. मग आठवड्यातली एखादी संध्याकाळ खरोखर अर्ध्या तासाची होते. तेही जमणार नसेल तर दुकानातल्या डेलीच्या, म्हणजे तयार मांस कापून देणाऱ्या, काउंटरवर शिजवलेले कॉर्न्ड बीफ मिळते; ते पातळ न कापता जाड कापून द्यायला सांगा. 340 ग्रॅमच्या डब्यातले मांस भुगा होते, त्यामुळे त्याच्याबरोबर कोबी फोडींऐवजी बारीक चिरून खरपूस परता. जेवण वाईट होत नाही, पण ते वेगळे जेवण आहे.

बटाट्याच्या जागी सलगम घाला. 100 ग्रॅम बटाट्यात कर्बोदके सुमारे 17 ग्रॅम असतात, सलगममध्ये साडेसहाच्या आत, आणि कोबीत सहाच्या आसपास, त्यातही अडीच ग्रॅम तंतू (फायबर). सलगमच्या फोडी मांसाच्या पाण्यात पंधरा मिनिटांत शिजतात आणि त्या पाण्याची चव धरून ठेवतात. गाजर एखादे चालेल. फ्लॉवर उकडून, घोटून त्याला बटाट्याचे रूप देण्याचा प्रकार मला पटत नाही. त्यापेक्षा कोबी थोडा जास्त घ्या. बाटलीतली मोहरीची चटणी घेताना मधाची घेऊ नका.

दादाचे म्हणणे असे की बटाटे काढले आणि कोबी तव्यावर परतला की हे जेवण त्या सणाचे राहत नाही, आणि म्हणून मधुमेह असलेल्या माणसाने त्या दिवशी आपले वेगळे खावे. हा वाद आमच्यात दर मार्चमध्ये होतो. माझे म्हणणे असे की परंपरेचा एवढा धाक या जेवणाला शोभत नाही. सतराव्या-अठराव्या शतकांत आयर्लंडच्या कॉर्क बंदरातून खारवलेले गोमांस जहाजे भरभरून बाहेर जात होते, पण ते घडवणाऱ्या देशातला गरीब माणूस बटाट्यावर जगत होता आणि मांस मिळालेच तर डुकराचे खात होता. 1845 नंतरच्या दुष्काळात अमेरिकेला आलेल्या आयरिश लोकांना न्यूयॉर्कच्या ज्यू खाटिकांकडे खारवलेले ब्रिस्केट परवडले, तेव्हा हे जेवण जन्माला आले. आयर्लंडमध्ये आजही कोबीबरोबर बेकन, म्हणजे खारवलेले डुकराचे मांस, शिजते. परक्या गावात हाताशी जे आले त्यातून लोकांनी आपला सण उभा केला, आणि आम्ही वसईची माणसे क्विन्सीत तेच करतो. मग आईच्या मोहरी-मिरचीला आणि सलगमला त्या ताटात जागा का नसावी? कोबी तीन तासांच्या पाण्यात उकळलाच पाहिजे, हा तर निव्वळ हट्ट आहे. तो जितका उकळतो तितका गंधकाचा वास वाढतो, आणि मग मुले आयुष्यभर कोबी खात नाहीत.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. शिजवलेल्या कॉर्न्ड बीफमध्ये 100 ग्रॅममागे जवळजवळ एक ग्रॅम सोडियम असते आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली दिवसाची मर्यादा दोन ग्रॅमपेक्षा कमी आहे. त्यामुळे कच्चे मांस वाहत्या पाण्याखाली धुऊन घ्या, एकदा उकळी आली की ते पाणी फेकून दुसरे घाला, आणि रक्तदाब असेल तर दोन कापांवर थांबा. दादा खारटपणाबद्दल बोलत होता ते खोटे नव्हते. याच संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2015 मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक ठरवले, त्यात कॉर्न्ड बीफही येते. आमच्याकडे ते वर्षातून तीन-चार वेळाच होते. तुम्ही इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर बटाटे-ब्रेड एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना सांगा, नाहीतर साखर फार खाली जाईल. रक्त पातळ करणारे वॉरफरिन हे औषध चालू असेल तर कोबीचे प्रमाण अचानक वाढवू नका, कारण त्यातल्या के जीवनसत्त्वाचा त्या औषधावर परिणाम होतो.

घरातल्यांना ब्रेड हवाच असेल तर तो टेबलाच्या मध्ये ठेवा, ज्याला हवा तो घेईल. मांस, कोबी आणि सलगम मात्र एकाच परातीत असू द्या आणि वाढायला सुरुवात तुमच्या ताटापासून करा.