स्लो कुकरमध्ये राजमा कडक का राहतो?

प्रश्न : सकाळी स्लो कुकर (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं) लावून आठच्या लोकलने निघते. संध्याकाळी मटण मऊ असतं, पण रस्सा पाणचट. राजमा तर कडकच. काय चुकतं? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : आधी राजम्याचं, कारण तिथे धोका आहे. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन मंद आचेवर नष्ट होईलच असं नाही. उलट्या-जुलाब होऊ शकतात. रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून टाका आणि नव्या पाण्यात गॅसवर 10 मिनिटं खळखळून उकळा. मगच स्लो कुकरमध्ये. टोमॅटो, चिंच, आमसूल शेवटी. आंबटामुळे दाणा शिजत नाही.

रस्सा पाणचट होतो कारण वाफ झाकणावरून परत आत पडते. नेहमीपेक्षा तिसरा हिस्सा पाणी कमी घाला. कांदा-खोबऱ्याचं वाटण आधी परतून घ्या, या भांड्यात ते खमंग होत नाही. मटण फ्रीझरमधून थेट टाकू नका. ‘लो’वर 7-8 तास पुरेत, आणि झाकण उघडून बघायचा मोह टाळा.

विजेचं म्हणाल तर 200 वॅटचा कुकर 8 तासांत फार तर 1.6 युनिट खातो. वरणभाताला मात्र आपला शिट्टीचा कुकरच बरा.