एकाच फेरीला दोन गाइड: मुंबईतील राजकीय मतभेद पायी पाहायचे असतील तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. परदेशात उदारमतवादी आणि परंपरावादी असे दोन गाइड सोबत घेऊन राजकीय मतभेद समजून घेण्याच्या सहली निघतात. तशी दोन दिवसांची फेरी मुंबईत पंधरा जणांच्या गटासाठी काढता येईल का, कोणती ठिकाणे घ्यावीत, आणि दोन गाइड रस्त्यातच एकमेकांशी भांडू लागले तर काय करावे? गिरगाव आणि गिरणगावात मी बरीच वर्षे अशा फेऱ्या घेत आलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाहेर या कामाच्या दोन तऱ्हा रूढ आहेत. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये फॉल्स रोडवर प्रजासत्ताकवादी, म्हणजे एकसंध आयर्लंड हवे असलेल्या गटातला, पूर्वी तुरुंगवास भोगलेला गाइड आपली बाजू सांगतो आणि दोन वस्त्यांमधल्या भिंतीपाशी, जिची फाटके आजही रात्री बंद होतात, गटाला पलीकडच्या शँकिल रोडवरच्या निष्ठावादी, म्हणजे ब्रिटनसोबत राहू इच्छिणाऱ्या गटातल्या गाइडच्या हवाली करतो. इस्रायल-पॅलेस्टाईनच्या काही सहलींत मात्र दोन्हीकडचे गाइड एकाच बसमध्ये बसतात आणि एकाच जागेविषयी एकामागून एक बोलतात. पहिल्या तऱ्हेत प्रत्येकाला आपले म्हणणे अडथळ्याविना मांडता येते. दुसरीत समोरचा ऐकतो आहे याचे भान राहते आणि अतिशयोक्तीला आपोआप लगाम बसतो. मुंबईत मी दोन्ही वापरतो. शंभर वर्षांपूर्वीच्या वादांसाठी दोघे एकत्र असतात. ज्या वादात पोळलेली माणसे अजून त्याच गल्लीत राहतात, तिथे दोघे वेगवेगळे बोलतात.

ठिकाणांकडे वळण्याआधी एक गोष्ट पक्की करावी. अमेरिकेतली उदारमतवादी आणि परंपरावादी ही जोडी जशीच्या तशी उचलून मुंबईवर बसवली तर फेरी पहिल्याच दिवशी फसेल. आपल्याकडे बाजारपेठेच्या स्वातंत्र्याचा पुरस्कार करणारे अनेक जण सामाजिक बाबतीत सुधारक होते आणि कामगारांच्या बाजूने उभे राहणारे काही जण घरात कर्मठ होते. ए. डी. श्रॉफ यांचेच उदाहरण घ्या. सरकारी नियोजनाला मोठे स्थान देणाऱ्या १९४४ च्या 'बॉम्बे प्लॅन'वर सही करणाऱ्या उद्योगपती-अर्थतज्ज्ञांत ते होते आणि त्यांनीच १९५६ साली खासगी उद्योगाची बाजू मांडणारा 'फोरम ऑफ फ्री एंटरप्राइझ' इथे मुंबईत सुरू केला. सावरकरांना परंपरावादी म्हणावे, तर रत्नागिरीत १९३१ साली सर्व जातींना खुले असलेले पतितपावन मंदिर त्यांच्याच प्रयत्नांतून उभे राहिले, आणि गाय हा उपयुक्त पशू आहे, देवता नव्हे, हे म्हणणेही त्यांचेच. तेव्हा गाइडच्या गळ्यात कायमची पाटी न अडकवता, या मुद्द्यावर कोण कोणत्या बाजूने बोलणार, हे प्रत्येक थांब्यावर सांगावे. काही थांब्यांवर दोघांच्या बाजू बदलतील आणि गटाला त्यातच सर्वांत जास्त रस वाटतो, असा माझा अनुभव आहे.

सुरुवात हुतात्मा चौकात करावी. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच परिसरात मोर्चावर गोळीबार झाला आणि पुढे १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. तिथे सांगायचे ते निराळे आहे. संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट डांगे, समाजवादी एस. एम. जोशी, आचार्य अत्रे आणि प्रबोधनकार ठाकरे एकाच व्यासपीठावर होते, आणि राज्य मिळाल्यावर दहा वर्षांच्या आतच डांग्यांचा पक्ष आणि प्रबोधनकारांच्या मुलाने काढलेली शिवसेना परळ-लालबागच्या रस्त्यांवर एकमेकांसमोर उभी ठाकली. ही गाठ पहिल्याच थांब्यावर बांधून ठेवली की पुढच्या प्रत्येक जागी ती कामी येते.

उदारमतवादी आणि परंपरावादी हे शब्द खऱ्या अर्थाने लागू पडतात ते गिरगावात, म्हणून पहिल्या दिवसाचा उरलेला वेळ तिथेच द्यावा. धर्म आणि समाज यांच्या सुधारणेसाठी प्रार्थना समाजाची स्थापना १८६७ साली झाली. रानडे, भांडारकर, तेलंग ही सुधारक मंडळी याच वर्तुळातली. तिथे उभे राहून रखमाबाईंचा खटला सांगावा. वयाच्या अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. नवरा दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, तो अपिलात फिरला, आणि १८८७ साली नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ साली तडजोड झाली. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. सुधारकाची बाजू मांडणाऱ्याला इथे फारसे कष्ट पडत नाहीत, कारण आजचा श्रोता आधीच त्याच्या बाजूला असतो.

खरी कसोटी दुसऱ्या गाइडची असते. टिळकांचा पिन्ही यांच्या निकालाला आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला, ज्याने मुलींचे संमतिवय दहावरून बारा केले, जो विरोध होता त्याचा एक धागा असा होता की, आमच्या समाजात काय बदलायचे ते आम्ही ठरवू, परक्या सरकारच्या कायद्याने ते होता कामा नये. हा युक्तिवाद या गाइडने ऐकणाऱ्याला क्षणभर अडचणीत टाकील इतक्या ताकदीने मांडला पाहिजे. 'तो काळच तसा होता' असे म्हणून सोडून दिले तर ती फेरी एकाच गाइडची झाली, दुसरा नुसता सोबत चालला, असे समजावे. मग चालत खोताच्या वाडीजवळच्या केशवजी नाईक चाळीत जावे. १८९३ साली इथे सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. सुधारणा आधी घरात की आधी रस्त्यावर, कायद्याने की लोकांना एकत्र आणून, हा प्रश्न चाळीच्या अंगणात उभे राहिल्यावर वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तिथे लोक राहतात, त्यामुळे आगाऊ विचारून जावे आणि गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढण्याचा मोह टाळावा. पाहुण्यांना तो हटकून होतो.

दुसऱ्या दिवशी गिरणगाव. इथे वाद डाव्या-उजव्यांचा आहे आणि दोन्ही गाइडनी आधी एकाच कागदावर सही करावी, असा माझा आग्रह असतो. त्या कागदावर निर्विवाद गोष्टी असतात. कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटींचा हक्क सामंतांच्या नव्हे, तर काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघालाच होता. संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनीचे महापालिका, म्हाडा आणि मालक असे तीन वाटे ठरवले, २००१ च्या बदलाने ते फक्त मोकळ्या जागेपुरते उरले, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. यापलीकडे अर्थ लावण्याची मोकळीक दोघांनाही आहे. एक जण सांगेल की, कामगारांना आपली युनियन निवडण्याचा हक्कच कायद्याने नाकारला आणि मालकांचे डोळे कापडापेक्षा जमिनीवर होते. दुसरा सांगेल की, यंत्रे जुनाट झाली होती, भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांनी बाजार काबीज केला होता, आणि जिंकता न येणाऱ्या लढाईत कामगारांना उतरवले गेले. लोअर परळला फिनिक्सच्या आवारात जुन्या गिरणीची चिमणी उभी ठेवली आहे. तिच्याखाली ही दोन्ही कथने ऐकावीत.

त्याच जागी एकदा आमच्या गटात एक निवृत्त साचेवाले होते. दोन्ही गाइडचे बोलून झाल्यावर ते म्हणाले, "तुम्ही दोघेही कायम कामगारांचेच बोलताय. मी बदलीवाला. सकाळी गेटवर उभं राहायचं, बोलावलं तर काम, नाहीतर घरी. संपाआधी आम्हाला कुणी विचारलं नाही आणि संपानंतरही नाही." दोन बाजूंच्या मांडणीत तिसऱ्याला जागा ठेवावी लागते, हे त्या दिवशी दोन्ही गाइडना निराळे सांगावे लागले नाही. तेव्हापासून प्रत्येक फेरीत स्थानिक माणसासाठी दहा मिनिटे राखून ठेवलेली असतात, आणि त्या वेळात गाइडनी तोंड उघडायचे नसते.

लालबागमध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून ५ जून १९७० रोजी झाला. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांचा पराभव करून वामनराव महाडिक हे शिवसेनेचे पहिले आमदार झाले. इथे दोघांनी एकत्र बोलू नये. आधी एक, मग पाचशे पावले पुढे जाऊन दुसरा. वस्ती लहान आहे, आठवणी ताज्या आहेत, आणि रस्त्यावर दोन माणसे आवाज चढवून या विषयावर बोलू लागली तर पाचव्या मिनिटाला भोवती गर्दी जमेल.

१९९२-९३ च्या दंगलींसाठी मात्र मी दोन गाइडची पद्धत वापरत नाही आणि तुम्हीही वापरू नये, असे मला वाटते. शेजाऱ्याने शेजाऱ्याचे घर जाळले त्याला दोन दृष्टिकोन असतात, असे सुचवणेच मला मान्य नाही. तिथे दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने काय नोंदवले ते आणि १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांची माहिती एकाच आवाजात, पक्षाची वकिली न करता सांगावी. वस्तीत उभे राहून तर मुळीच सांगू नये, एखाद्या सभागृहात बसून सांगावे.

शेवट दादरला. शिवाजी पार्कच्या परिघात सावरकर स्मारक आहे, १९६६ साली शिवसेनेचा पहिला मेळावा झालेले मैदान आहे, आणि थोडे चालून गेल्यावर चैत्यभूमी. इतक्या कमी अंतरात इतके परस्परविरोधी वारसे नांदत असलेली दुसरी जागा मला या शहरात माहीत नाही. मात्र ६ डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीला गट घेऊन जाऊ नये. लाखो लोक श्रद्धेने येतात, त्यांच्याकडे पर्यटनाचा देखावा म्हणून पाहणे बरे दिसत नाही. आणि आंबेडकरांना 'उदारमतवादी बाजू' असे लेबल लावून मोकळे होणाऱ्या गाइडला पुन्हा बोलावू नये. ते त्या जोडीत बसत नाहीत.

आता भांडणाचे. नियम एकच ठेवावा. आपले म्हणणे मांडण्याआधी समोरच्याची बाजू अशी सांगायची की तो स्वतः 'बरोबर' म्हणेल. त्याने मान हलवली नाही तर पुन्हा सांगायचे. याला वेळ लागतो, म्हणून एका दिवसात चार थांब्यांच्या वर घेऊ नयेत. प्रत्येक थांब्यावर आधी कोण बोलणार ते आलटून पालटून ठरवावे, कारण शेवटी बोलणाऱ्याला फायदा मिळतोच. दोघांचे मानधन सारखे असावे आणि ते गटाला माहीत असावे. पक्षाचा पदाधिकारी गाइड म्हणून घेऊ नये. तो कितीही चांगला बोलत असला तरी त्याला परत जाऊन शाखेला किंवा समितीला उत्तर द्यायचे असते. निवडणुकीची आचारसंहिता लागू असताना फेरी ठेवू नये. लाउडस्पीकर नको, पंधरा जणांना नुसता आवाज पुरतो. रविवारी सकाळी सातला निघालात तर गिरगावात रस्ते मोकळे मिळतात आणि दहाच्या आत प्रार्थना समाज, केशवजी नाईक चाळ आणि चौपाटीवरचा टिळकांचा पुतळा एवढे निवांत होते. गणपतीचे दहा दिवस वगळून तारीख काढा, आणि गटात कोणी पासष्टीच्या पुढचे असतील तर गिरणगावचा टप्पा चालत न करता मधे टॅक्सी धरा.