मी देव मानतो, मग मी ख्रिस्ती विश्वासात आहे का?

देव आहे असं मानणं वेगळं आणि त्याच्यावर भिस्त टाकणं वेगळं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (२:१९) सरळच लिहिलंय की देव एकच आहे हे भुतंही मानतात आणि थरथर कापतात. नव्या करारातल्या 'पिस्तिस' या ग्रीक शब्दात नुसती मान्यता नाही, भरवसा आणि निष्ठाही आहे.

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८पासून बुधवारचा नोव्हेना, म्हणजे मेरीमातेची खास प्रार्थना, चालतो. सगळ्या धर्मांची माणसं रांगेत असतात, कुणाच्या हातात मेणाचं घर, कुणाच्या हातात मेणाचं बाळ. मीही आईच्या गुडघ्यासाठी मेणाचा पाय वाहिला. गुडघा काही बरा झाला नाही आणि मी जाणं सोडलं. आई मात्र रोज रात्री गुडघ्याला तेल चोळत म्हणायची, "प्रभू, तुझ्या मनासारखं होऊ दे." विश्वास म्हणजे काय ते मला तिथे दिसलं.

तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने मिळतं, आपल्या कमाईने नाही (इफिस २:८-९). विश्वास धरायचा तो ख्रिस्तावर, त्याच्या मरणावर आणि पुनरुत्थानावर. शंका येतात? येऊ द्या. मार्कच्या शुभवर्तमानात (९:२४) एका आजारी मुलाचा बाप येशूला म्हणाला, मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालव. येशूने त्याच्या मुलाला बरं केलं.