सॉल्ट लेक सिटीच्या टेम्पल स्क्वेअरवर स्वागताला उभ्या असणाऱ्या मिशनरी मुलींचा दिवस कसा जातो?

तुम्ही लिहिलंय की उन्हाळ्यात मुलाकडे सॉल्ट लेक सिटीला जाणार आहात. टेम्पल स्क्वेअरच्या, म्हणजे तिथल्या मॉर्मन चर्चच्या मोठ्या मंदिराच्या (टेम्पलच्या) आवाराच्या, दारात छातीवर नावाची काळी पट्टी लावून उभ्या असलेल्या मुली दिवसभर काय करतात आणि त्यांच्याशी बोललं तर त्या मागे लागतात का, असं तुम्हाला विचारायचंय. मी त्यांच्यातलीच एक होते, म्हणून सविस्तर सांगते.

आम्ही मूळचे मराठवाड्यातले, पण आजोबांपासून हैदराबादला. घरात मराठी, गल्लीत तेलुगू आणि दख्खनी. मी शाळेत असताना आईबाबा चर्चचे सदस्य झाले. 'मॉर्मन' हे लोकांच्या तोंडातलं नाव. चर्चचं पूर्ण नाव चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, आणि 2018 पासून तेच वापरावं असा चर्चचा आग्रह आहे. भारतातला पहिला स्टेक, म्हणजे अनेक स्थानिक मंडळ्यांचा मिळून एक मोठा गट, 2012 मध्ये हैदराबादलाच झाला. त्याच वर्षी मुलींचं मिशनवर, म्हणजे चर्चच्या पूर्णवेळ धर्मप्रसाराच्या सेवेवर, जायचं किमान वय 21 वरून 19 वर आलं. कॉलेज संपलं की लगेच मी अर्ज केला. मुलींचं मिशन 18 महिन्यांचं असतं आणि कुठे जायचं हे आपण ठरवत नाही, चर्चकडून पत्र येतं. माझ्या पत्रात टेम्पल स्क्वेअर होतं. 2016-17 चा काळ.

माझ्या वेळी या मिशनमध्ये तरुण मुलगे नव्हतेच. जगभरातून आलेल्या मुली आणि मदतीला काही निवृत्त जोडपी. प्रत्येकीच्या नावाच्या पट्टीखाली तिच्या देशाचा छोटा झेंडा. त्या झेंड्यामुळे निम्मं काम आपोआप होतं. ब्राझीलचा माणूस ब्राझीलचा झेंडा बघून स्वतःच थांबतो आणि पोर्तुगीजमध्ये सुरू होतो.

सकाळी साडेसहाला उठायचं. थोडा व्यायाम, नाश्ता, मग शास्त्रवाचन: आधी एकटीने, नंतर कम्पॅनियनबरोबर. कम्पॅनियन म्हणजे जोडीदार मिशनरी. आंघोळीसारख्या गोष्टी सोडल्या तर दोघींनी कायम एकमेकींच्या नजरेत राहायचं, असा नियमच आहे. दर सहा आठवड्यांनी ट्रान्सफरचा दिवस येतो, तेव्हा जोडी बदलू शकते. माझी पहिली कम्पॅनियन मंगोलियाची. मी जानेवारीत दोन-दोन मोजे घालून दारात कुडकुडायचे आणि ती कोटाची बटणंही न लावता शांत उभी. आमचं दोघींचं इंग्रजी तेव्हा बेताचंच, पण संध्याकाळची प्रार्थना ती तिच्या भाषेत करायची, मी मराठीत. त्या पोरीने मला धीर धरायला शिकवलं.

स्क्वेअर सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत उघडा असायचा. कधी सकाळची पाळी, कधी रात्रीची. कधी दारात उभं राहायचं, कधी टूर द्यायची, कधी आत बसून फोनवर आणि चॅटवर लोकांशी बोलायचं. मधले काही महिने आम्हाला दुसऱ्या राज्यात पाठवायचे, तिथे दारोदार फिरण्याचं नेहमीचं मिशनरी काम. पण माझा जीव स्क्वेअरवरच.

लोकांना वाटतं आमचं काम बोलण्याचं. मला तर ते बघण्याचं वाटलं. दारातून माणूस आत येतो त्या पहिल्या दहा पावलांत कळायला लागतं. मान वर, हातात कॅमेरा, चाल भरभर: त्याला फक्त स्वच्छतागृह कुठे आणि फोटो कुठून चांगला येतो एवढंच हवंय. ते सांगायचं आणि बाजूला व्हायचं. कुणी मात्र बाकावर बसून नुसतं टेम्पलकडे बघत असतं. तिथे घाई करायची नाही. शेजारच्या बाकावर बसायचं, कुठून आलात एवढंच विचारायचं. एकदा अशाच एका बाईंनी पंधरा मिनिटं नवऱ्याच्या आजारपणाबद्दल सांगितलं, डोळे पुसले, आभार मानले आणि निघून गेल्या. देवाबद्दल एक अक्षर निघालं नाही. ती माझ्या मिशनमधली सगळ्यात खरी भेट होती असं मी आजही मानते.

टूरमध्ये माझी आवडती जागा टॅबरनॅकल. 1867 मध्ये बांधलेलं हे सभागृह, वर कासवाच्या पाठीसारखं छप्पर, आत मध्ये एकही खांब नाही. दीडशे फूट रुंदीचा तो घुमट लाकडी कमानींवर उभा आहे. कमानी लाकडी खुंट्यांनी जोडलेल्या, आणि जिथे लाकूड तडकलं तिथे ओलं कच्चं चामडं गुंडाळलेलं, जे वाळलं की आवळून बसतं. पाहुण्यांना मागच्या टोकाला बसवायचं. एकजण पुढे जाऊन माइकशिवाय उभी राहायची. आधी कागद टर्रकन फाडायची, मग टाचणी हातातून सोडायची. टाचणीचा तो बारीक 'टिक्' शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जातो! लहान मुलं 'पुन्हा, पुन्हा' करायची. तिथल्या ऑर्गनला 11,623 नळ्या आहेत आणि माझ्या वेळी रविवार सोडून रोज दुपारी बारा वाजता त्याचं वादन विनामूल्य ऐकता यायचं. तुम्ही जाल तेव्हा चालू असेल तर चुकवू नका.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न: टेम्पलच्या आत जाता येईल का? नाही. ते रविवारच्या उपासनेचं चर्च नव्हे. तिथे लग्नं आणि इतर पवित्र विधी होतात आणि आत फक्त सदस्य जातात. ग्रॅनाइटसारख्या दगडाची ती इमारत बांधायला 1853 ते 1893 अशी चाळीस वर्षं लागली. एवढं लांबून आलेल्या माणसाला 'नाही' म्हणणं जड जायचं. आतल्या दालनांची एक मोठी प्रतिकृती तेव्हा होती, तिथे घेऊन जायचो.

दुसरा प्रश्न बायकांचा. तुझ्या वडिलांना किती बायका, असं हसत हसत विचारणारे रोज भेटायचे. 1890 मध्ये चर्चने बहुपत्नीत्व थांबवल्याचं जाहीर केलं, आज कुणी तसं केलं तर त्याला चर्चमध्ये ठेवत नाहीत, हे शांतपणे सांगायचं. आणि पूर्वी ते होतं, हेही स्वच्छ मान्य करायचं. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या अधिवेशनांत बाहेरच्या फुटपाथवर विरोधक फलक घेऊन ओरडत असत. विशीतल्या मुलीला ते लागतं. रात्री खोलीत रडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

पगार नसतो. उलट खर्च घरून द्यायचा असतो, आणि आपल्यासारख्या देशांतल्या कुटुंबांना जेवढं जमेल तेवढं, बाकीचं चर्चच्या निधीतून. आठवड्यातून एक दिवस पी-डे: कपडे धुवायचे, बाजार करायचा, घरी ईमेल लिहायचं. तेव्हा घरी बोलणं मात्र वर्षातून दोनदाच, नाताळ आणि मदर्स डे. नाताळात तिकडे रात्रीचे साडेआठ म्हणजे हैदराबादला सकाळचे नऊ. आई अंघोळ-पूजेची वेळ असल्यासारखी नवी साडी नेसून स्क्रीनसमोर बसलेली असायची. 2019 पासून मुलांना दर आठवड्याला घरी बोलता येतं. हा बदल फार चांगला झाला.

आपली माणसं भेटायची. बहुतेक यलोस्टोनच्या राष्ट्रीय उद्यानाला जाता-येता. एका नाशिकच्या आजी-आजोबांनी तिरंगा बघितला, मग आडनाव वाचलं. "अगं, तू आपल्यातली! इथे कशी?" आजोबांनी मोकळेपणी विचारलं, "आम्हाला बाटवणार नाहीस ना?" मी म्हटलं, "आजोबा, तुम्हाला विचारावंसं वाटलं तर सांगेन, नाहीतर ऑर्गन ऐकायला चला." ते पूर्ण वेळ बसून ऐकत राहिले. आजींनी पर्समधून चिवड्याची पुडी काढली आणि थर्मासमधला चहाही पुढे केला. आमच्यात चहा-कॉफी चालत नाही. ते सांगितल्यावर आजींचा चेहरा बघवेना, म्हणून चिवडा दुप्पट खाल्ला.

तर मागे लागतात का? फोन नंबर, पत्ता विचारतील, पुढे कुणी भेटायला आलं तर चालेल का असंही विचारतील. ते आमच्या कामाचा भाग आहे, मी लपवणार नाही. पण "नको" म्हटलं की विषय संपतो. तेवढं सरळ म्हणा, उगाच खोटा नंबर देऊ नका. त्यापेक्षा त्यांना त्यांच्या गावाबद्दल, आईबद्दल विचारा. दिवसभर दुसऱ्यांचं ऐकणाऱ्या त्या मुलींना कुणीतरी विचारलेलं फार हवं असतं.

एक कामाची गोष्ट. 2019 च्या शेवटी टेम्पल दुरुस्तीसाठी बंद झालं, भूकंपापासून वाचवण्यासाठी पायाखालीच मोठं काम काढलं. माझ्या वेळची जुनी पाहुणे-केंद्रंही पाडली गेली, त्यामुळे मी सांगितलेल्या सगळ्या जागा तुम्हाला सापडणार नाहीत. काम झाल्यावर एप्रिल ते ऑक्टोबर 2027 या काळात टेम्पल सर्वांना आतून बघायला खुलं ठेवणार असल्याचं चर्चने जाहीर केलंय. तुमचं जाणं पुढेमागे करता येत असेल तर तेव्हाचं बघा, कारण नंतर ते पुन्हा फक्त सदस्यांसाठी असेल.