पाण्यातली बाग आणि तिच्यातली मोकळी जागा

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी मी 60 सेंटिमीटर लांब, 30 सेंटिमीटर रुंद आणि 36 सेंटिमीटर उंच अशी काचेची टाकी घेतली आणि दुकानात आवडलेल्या सगळ्या पाणवनस्पती आणून तिच्यात लावल्या. एकूण अकरा जाती आहेत आणि त्या सगळ्या जगल्या आहेत. तरीही टाकीकडे पाहिले की भाजीची टोपली भरून ठेवल्यासारखे वाटते. छायाचित्रांत दिसणारा दूरवरचा देखावा आणि शांतपणा माझ्या टाकीत का येत नाही?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : अकराही जाती जगल्या आहेत, म्हणजे आपले पाणी, प्रकाश आणि निगा व्यवस्थित आहे. उणीव आहे ती रचनेची, आणि रचना रोपे लावण्याच्या पुष्कळ आधी, कोरड्या टाकीत होते. म्हणून माझा आग्रह असा, की मासे दुसऱ्या टाकीत चालू फिल्टरसह सांभाळावेत, रोपे पाणी भरलेल्या बादलीत प्रकाशात ठेवावीत आणि टाकी पूर्ण रिकामी करून दगड, लाकूड आणि माती यांच्यापासून नव्याने सुरुवात करावी. माझ्या पहिल्या नीट जमलेल्या टाकीत मी आठ संध्याकाळी फक्त पाच दगड हलवत होतो आणि त्या आठ संध्याकाळी मला आजही त्या कामाचा सर्वांत आनंदाचा भाग वाटतात.

आपण ज्या छायाचित्रांचा उल्लेख केला आहे, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी जपानमधील निगाता प्रांताचे ताकाशी अमानो (1954–2015) यांची दृष्टी आहे. ते निसर्गाचे छायाचित्रकार होते. ॲमेझॉन, बोर्निओ आणि पश्चिम आफ्रिकेची अरण्ये त्यांनी कॅमेऱ्यातून पाहिली होती आणि टाकीकडेही ते छायाचित्राच्या चौकटीसारखेच पाहत. आयुष्याच्या अखेरीस, 2015 मध्ये, त्यांनी लिस्बनच्या मत्स्यालयात 40 मीटर लांबीची आणि 1,60,000 लिटर पाण्याची वनस्पतींची टाकी उभी केली. परंतु आपल्याला उपयोगी पडेल ती त्यांची छोट्या टाक्यांमधील शिस्त. जपानी बागेतील दगडांच्या मांडणीवरून घेतलेल्या ‘इवागुमी’ पद्धतीत दगडांची संख्या विषम ठेवतात, त्यांपैकी एकच दगड मुख्य असतो आणि तो प्रवाहाच्या रेट्याने झुकल्यासारखा किंचित कलता बसवतात. उरलेले दगड त्याचे मोठेपण वाढवण्यापुरतेच असतात.

मुख्य दगड बरोबर मध्यभागी ठेवू नये. आपल्या टाकीत एका कडेपासून सुमारे 37 सेंटिमीटरवर, म्हणजे दुसरीपासून 23 सेंटिमीटरवर, तो डोळ्याला सर्वांत सुखावह वाटेल. माती पुढच्या काचेपाशी 4 सेंटिमीटर आणि मागे 12 सेंटिमीटरपर्यंत चढती ठेवावी. मोठे दगड पुढे आणि लहान मागे असले, रुंद पानांची रोपे पुढच्या बाजूला आणि बारीक पानांची मागे असली, आणि पांढऱ्या वाळूची वाट मागे जाताना निमुळती होत गेली, की 30 सेंटिमीटरच्या रुंदीत डोळ्याला कितीतरी अंतर दिसू लागते. घाटमाथ्यावरून खालच्या खोऱ्याकडे पाहताना जवळची पाने ठसठशीत आणि लांबचे रान एकसारखे हिरवे दिसते, तेच हे.

आता त्या अकरा जातींविषयी. तीन किंवा चार ठेवाव्यात आणि उरलेल्या मित्रांना द्याव्यात. हे मन घट्ट करून करावे लागते, हे मला ठाऊक आहे. ठेवलेल्या जाती सुट्या सुट्या न लावता गटाने लावाव्यात आणि टाकीचा निदान तिसरा हिस्सा रोपांविना, नुसत्या वाळूचा किंवा पाण्याचा ठेवावा, कारण रोपांच्या उंचीची जाणीव आपल्याला या मोकळ्या जागेमुळेच होते. लावणीच्या दिवशी टाकी केविलवाणी दिसेल, आणि ते योग्यच आहे. रचना तीन महिन्यांनंतरच्या वाढीचा अंदाज घेऊन करायची असते. नव्या मातीतून सुरुवातीला अमोनिया सुटतो आणि त्याचे नायट्राइट व मग नायट्रेट करणारे जिवाणू रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून पाणी तपासून अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय मासे परत सोडू नयेत. त्यानंतरचे सगळे काम कात्रीचे आहे. रोटालासारखे रोप छाटले की कापलेल्या जागेखाली सहसा दोन फांद्या फुटतात, आणि अशा तीन-चार छाटण्यांनंतर त्याचा तो गोल, दाट झुडपासारखा आकार तयार होतो.

प्रश्न : आमच्याकडे जांभा आणि नदीतला काळा दगड भरपूर आहे. तो वापरला तर चालेल का? तसेच कास पठारावर पावसाळ्यात दिसणाऱ्या पाणवनस्पती आणून टाकीत लावाव्यात अशी इच्छा आहे.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : दगड अवश्य वापरावेत. सह्याद्रीचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, पाण्यात काही सोडत नाही. मात्र त्याच्या पोकळ्यांत पुष्कळदा पांढरे स्फटिक असतात आणि त्यांपैकी कॅल्साइट, म्हणजे चुन्याचे खनिज, असेल तर पाणी हळूहळू जड (क्षारयुक्त) होत जाते. त्या पांढऱ्या भागावर व्हिनेगर टाकून पाहावे. फेस आला तर तो दगड बाजूला ठेवावा. जांभ्यातील चुना पावसाने केव्हाच धुऊन नेलेला असतो आणि त्यात लोह भरपूर असते. जांभ्याची माती वनस्पतींच्या टाकीत तळाशी घालण्याची पद्धत युरोपातही होती. दगड मात्र घासून, लाल धूळ निघेनाशी होईपर्यंत धुवावा. त्याच्या सच्छिद्र अंगावर दोऱ्याने बांधलेले जावा फर्न फार छान धरते.

कासविषयी माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या ज्या 39 ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत कास पठार आहे आणि तेथील एकही रोप उचलता कामा नये. शिवाय ते आपल्याकडे टिकणारही नाही. तेथील वायतुरा पावसाळ्यात कातळावरच्या उथळ पाण्यात दुहेरी तुरा काढतो आणि उरलेले कोरडे महिने मातीत कंदरूपाने झोपून काढतो. बारमाही भरलेल्या टाकीत त्याला ती झोप मिळणार नाही. आपल्याच मातीचे रोप हवे असेल, तर भारतातील मूळ जाती रोपवाटिकांत वाढवलेल्या मिळतात : लालसर पानांचा रोटाला मॅक्रान्ड्रा, पीळदार फुलाची क्रिप्टोकोरीन स्पायरॅलिस आणि लॅजेनान्ड्रा. याच्या उलट दिशेचीही काळजी घ्यावी. छाटलेले तुकडे ओढ्यात किंवा गटारात टाकू नयेत, सुकवून कुंडीत घालावेत. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीने आपल्या नद्यांचे काय केले आणि टाक्यांतून सुटलेल्या सकर माशाने उजनीच्या मच्छीमारांना किती सतावले आहे, ते आपण पाहतोच आहोत.

प्रश्न : मे महिन्यात टाकीचे पाणी 33 अंशांवर जाते आणि पाने वितळल्यासारखी होतात. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर घेतल्याने फरक पडेल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : सिलिंडरने हा प्रश्न सुटणार नाही. पाणी तापले की त्यात प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही कमी विरघळतात, त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त सोडला तर आधीच धापा टाकणारे मासे संकटात येतात. झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा लावावा. बाष्पीभवनाने तापमान दोन ते तीन अंशांनी उतरते. खोलीत वाळ्याचा कूलर असेल तर हवा दमट होऊन पंख्याचा परिणाम घटतो, परंतु खोलीच थंड राहिल्याने एकंदरीत फायदाच होतो. उडालेले पाणी भरताना बोअरचे घालू नये, कारण क्षार मागे राहतात आणि पाणी आठवड्यागणिक जड होत जाते. आरओचे शुद्ध पाणी घालावे. दिवे सहा तासच ठेवावेत आणि तेही सूर्यास्तानंतर. पुढच्या रचनेत मागची भिंत व्हॅलिस्नेरियाची करून पाहावी. ती आपला उन्हाळा सोसते आणि तिच्या लांब पानांचा प्रवाहात होणारा हेलकावा सबंध रचनेला जिवंत करतो.